कठीण वर्षी ज्यू शाळेत हनुक्का कसा साजरा करावा?

आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या पनवेलच्या, ज्यू नाही, आणि उत्तर लंडनमधल्या एका ज्यू प्राथमिक शाळेत यंदापासून दुसरीचा वर्ग सांभाळता आहात. हनुक्काच्या, म्हणजे ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाच्या, कार्यक्रमाची जबाबदारी तुमच्यासह तिघींवर आली आहे. २ ऑक्टोबर २०२५ला, ऐन योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर (ज्यू प्रार्थनास्थळावर) हल्ला झाला, दोघे भाविक गेले. तेव्हापासून काही पालक म्हणतात, यंदा गाजावाजा नको. काही म्हणतात, यंदा तर दणक्यात झालंच पाहिजे. आणि एका आईने तुम्हाला फाटकापाशी गाठून विचारलं, ‘आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण आहे, माझ्या मुलाला तुम्ही नाचायला लावणार का?’ अशा वेळी शाळेने सण करावा की नाही, असा तुमचा प्रश्न.

मला विचाराल तर करावा की नाही हा प्रश्न शाळेपुढे नाहीच. १४ डिसेंबरला, रविवारी संध्याकाळी, मुलांच्या घरी पहिला दिवा लागणारच आहे आणि सोमवारी सकाळी मुलं तो मनात घेऊन वर्गात येणार आहेत. शाळेने गप्प बसायचं ठरवलं तर मुलं त्याचाही अर्थ लावतील, आणि तो बहुधा भीतीचाच असेल. खरी अडचण निराळी आहे. वेगवेगळ्या मनःस्थितीतली मुलं एकाच दिव्याभोवती एकत्र आणायची, पण कुणालाही उसनं हसायला लावायचं नाही. हे कसं जमवायचं, त्यावर माझ्या कामातून जे कळलं ते लिहिते.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकले. हायम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी काढलेली तीच शाळा. माझ्या वेळी तिथली बहुतेक मुलं ज्यू नव्हतीच, त्यामुळे ‘ज्यू शाळा’ म्हणजे फक्त ज्यू माणसांची शाळा ही समजूत मला कधीच पटली नाही. लग्नानंतर लंडनला आले आणि नोकरीची सगळी वर्षं इथल्या ज्यू प्राथमिक शाळांत धर्मशिक्षण शिकवण्यात गेली.

तुम्हाला वाटतंय की कठीण काळात सण कसा करायचा याचे नियम कुठे लिहिलेले नसणार. लिहिलेले आहेत. तालमूद या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, शब्बाथ नावाच्या भागात, हनुक्काची चर्चा आहे. दिवा घराच्या दाराबाहेर ठेवावा, माडीवर राहत असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा, म्हणजे हनुक्काचा चमत्कार (त्याची गोष्ट पुढे सांगते) लोकांना दिसेल, असं तिथे म्हटलं आहे. आणि लगेच पुढे: धोक्याच्या काळात तो घरातल्या टेबलावर ठेवावा, तेवढं पुरे. हे ‘तेवढं पुरे’ तुमच्या दोन्ही बाजूंच्या पालकांना सांगण्याजोगं आहे. धोका आहे म्हणून दिवा रद्द होत नाही, आणि धोका आहे म्हणून तो मुद्दाम रस्त्यावर नेऊन आपण घाबरत नाही हे सिद्ध करण्याचीही सक्ती नाही. तो आत येतो, टेबलावर येतो, आणि त्याला कुणी कमी प्रतीचा म्हणत नाही.

त्याच चर्चेत हिल्लेल आणि शम्माय या दोन प्राचीन ज्यू गुरूंच्या अनुयायांचा वाद आहे. शम्मायचे लोक म्हणत, पहिल्या रात्री आठ दिवे लावा आणि रोज एकेक कमी करा. हिल्लेलचे म्हणत, एकापासून सुरुवात करा आणि रोज एक वाढवा, कारण पवित्र गोष्टीत माणसाने वर चढावं, खाली उतरू नये. सगळं ज्यू जग हिल्लेलच्या मताने चालतं. शाळेच्या नियोजनात याचा मला फार उपयोग झाला. सोमवारी सकाळी मोठा जल्लोष ठेवू नका. सोमवार छोटा, शांत. आनंद आठवडाभरात हळूहळू वाढू द्या. दुःखात असलेलं मूल पहिल्या दिवशी तुमच्याबरोबर येणार नाही, पण त्याला रोज थोडं पुढे सरकायला वाव मिळतो.

आता त्या आईचा प्रश्न. काही शाळांत असं होतं की एकाच सभेत आधी मृतांची नावं, मग दोन मिनिटं शांतता, मग लगेच ‘माओझ त्सूर’ हे हनुक्काचं गाणं आणि सणाचे डोनट. मुलांची यात फरपट होते. परंपरेचा नियम इथे उपयोगी पडतो: हनुक्काच्या आठ दिवसांत उपास धरत नाहीत आणि शोकभाषण करत नाहीत. शोकात असलेल्या घरातही दिवे मात्र लावतातच. म्हणून मँचेस्टरची आठवण, प्रार्थना, पत्रं, जे काही करायचं ते आधीच्या आठवड्यात, वेगळ्या दिवशी, पालकांना कळवून करा. हनुक्काच्या दिव्यासमोर दिवाच असू द्या. त्या आईला तुम्ही सरळ सांगू शकता की नाच ठेवलेला नाही, आणि जिथे गाणं आहे तिथे न गाणाऱ्या मुलाला दुसरं काम आहे.

ते दुसरं काम हाच माझ्या सगळ्या अनुभवाचा गाभा. २०२३ मध्ये हनुक्काची पहिली रात्र ७ डिसेंबरला आली, इस्रायलवरच्या ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्याला बरोबर दोन महिने झाले होते. चौथीतल्या एका मुलीचा मामा इस्रायलमध्ये राखीव दलात बोलावला गेला होता. ती म्हणाली, मी गाणार नाही. मी म्हटलं, ठीक, मग तेल तू बघ. आमच्याकडे त्या वर्षी काचेच्या छोट्या वाट्या होत्या, ऑलिव्ह तेल आणि तरंगत्या वाती. तिच्या हातात ड्रॉपर दिला. ती एकेका वाटीशी वाकायची, डोळा तेलाच्या रेषेला लावायची, कमी वाटलं की थेंब थेंब सोडायची, वात कलली असेल तर टूथपिकने मधोमध आणायची. तिचं होईपर्यंत वर्ग थांबायचा. शेवटच्या दिवसापर्यंत ती गायली नाही, पण टेबलापासून हललीही नाही. तिच्या आईने मला नंतर सांगितलं की घरीही तेलाचं काम आता तिच्याकडेच आहे.

तेव्हा गाणं, नाटक, भाषण यांच्यापेक्षा हाताला काम जास्त द्या. वाती वाटणं, टेबलावर फॉइल अंथरणं, आज कितवा दिवा आहे ते फळ्यावर लिहिणं, लहान वर्गाला हाताला धरून आणणं. मूल दुःखी असो, घाबरलेलं असो की नुसतं उत्साहात असो, काम सगळ्यांना सारखंच करता येतं.

एकत्र म्हणजे सगळी शाळा एका हॉलमध्ये, असंही नाही. २०२० मध्ये करोनाच्या नियमांमुळे वर्गांचे वेगळे गट पाडले होते, सभा बंद होत्या, एकत्र गाणंही नव्हतं. नाइलाजाने प्रत्येक वर्गाने आपली हनुक्किया (हनुक्काचे दिवे लावायचं दिवेदान) आपल्याच वर्गात लावली. आणि लक्षात आलं की मुलं जास्त जवळ आली. हॉलमध्ये मागच्या रांगेतल्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. वर्गात ज्योत दिसते, तेलाचा वास येतो, प्रश्न विचारता येतो. त्यानंतर आम्ही वर्गातलीच पद्धत ठेवली. फक्त एक दिवस सगळे वर्ग आपापली हनुक्किया घेऊन एका लांब टेबलाशी आणले. तुमच्या शाळेचा हॉल रस्त्याच्या बाजूला आणि वर्ग आतल्या बाजूला असतील, तर सुरक्षेच्या दृष्टीनेही वर्गच सोयीचे.

सुरक्षेबद्दल माझं मत ठाम आहे: ते ठरवणं तुमचं काम नाही. शाळेचा सुरक्षा अधिकारी, मुख्याध्यापक आणि कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टची माणसं जे सांगतील ते. ही संस्था १९९४ पासून ज्यू समाजाच्या सुरक्षेचं काम करते, त्यांना तुमच्या भागाची परिस्थिती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही फक्त त्यांना कार्यक्रमाची वेळ, किती पालक येणार आणि कुठल्या दाराने येणार हे आधी द्या. पालकांना फाटकाबाहेर घोळका करून गप्पा मारू देऊ नका, वेळा पुढेमागे ठेवा. मुलांचे चेहरे किंवा गणवेश दिसणारे फोटो कुणी बाहेर टाकू नयेत हे आमंत्रणातच लिहा. खिडकीत हनुक्किया ठेवायची की नाही हे शाळेशाळेवर अवलंबून आहे. ‘टेबलावर, तेवढं पुरे’ हे तिथेही लागू. आणि सुरक्षारक्षकाला आत बोलावून डोनट द्या. मुलांना तो माणूस नावाने ओळखता आला की बाहेरच्या कुंपणाची भीती कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गोष्ट कोणती सांगायची हेही ठरवून ठेवा. हनुक्काच्या कथेत लढाई आहेच. अँटिओकस चौथा या राजाने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली, जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. मोदीन गावच्या मत्तिथ्याहू आणि त्याच्या मुलांनी उठाव केला, आणि इसवी सनपूर्व १६४ मध्ये यहूदा मक्काबीने मंदिर पुन्हा शुद्ध केलं. पण तालमूदमध्ये ‘हनुक्का म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारून उत्तर देताना लढाईचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे आणि सगळा भर तेलावर: मुख्य पुरोहिताची मोहर शाबूत असलेली एकच कुपी सापडली, तेल एका दिवसाचं, जळलं आठ दिवस. सातवीच्या आतल्या मुलांना यंदा तेलाचीच गोष्ट सांगा. ज्या मुलाचा भाऊ खरोखर सैन्यात आहे त्याच्यासमोर पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन नाटक करणं मला पटत नाही, मग पालकांना ते कितीही आवडो. हनुक्कातल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये जखऱ्या संदेष्ट्याचं जे वाचन होतं त्यात ‘बळाने नव्हे, शक्तीने नव्हे, तर माझ्या आत्म्याने’ असं वाक्य आहे. वरच्या वर्गांशी बोलायला ते एक वाक्य भरपूर आहे.

मोठ्या मुलांना मी जर्मनीतल्या कील शहरातला एक फोटो दाखवते. १९३१ सालच्या हनुक्काला तिथले रब्बाय (ज्यू धर्मगुरू) अकिव्हा पोस्नर यांच्या पत्नी राखेल यांनी खिडकीत ठेवलेल्या हनुक्कियाचा फोटो काढला. समोरच्या इमारतीवर स्वस्तिकाचा नाझी झेंडा लटकतो आहे. पण हा फोटो दाखवायचा तर पुढची हकीकतही त्याच तासाला सांगायची: कुटुंबाने १९३३ मध्ये जर्मनी सोडली, ते वाचले, आणि ती हनुक्किया आजही दरवर्षी त्यांच्या वंशजांच्या घरी पेटते. अर्धी गोष्ट सांगून घंटा झाली तर मुलं रात्री झोपत नाहीत. दुसरीला मात्र हे अजिबात नको.

मुलं प्रश्न विचारतील. ‘ते इथे पण येतील का?’ हा सगळ्यात जास्त येतो. ‘नाही, काळजी करू नकोस’ असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही. ‘तुम्हाला सुरक्षित ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे आणि आम्ही ते रोज करतो; ते बघ, दारावर कोण आहे,’ एवढं खरं आहे आणि मुलाला पुरतं. एखादं मूल गाझातल्या मुलांबद्दलही विचारेल. त्याला गप्प करू नका आणि वर्गाला त्याच्यावर तुटून पडू देऊ नका. दुसऱ्याच्या मुलासाठी वाईट वाटणं हा गुन्हा नाही, हे मी वर्गात मोठ्याने म्हणते. राजकारणावर चर्चा मात्र प्राथमिक शाळेत दिव्यासमोर नको, ती पालकांकडे जाऊ द्या.

आता थोडं व्यवहाराचं. लंडनला डिसेंबरच्या मध्यात चारच्या आत सूर्य मावळतो आणि पावणेपाचच्या सुमारास नीट अंधार पडतो. त्यामुळे एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलांना तासभर थांबवलं तर दिवा खऱ्या वेळेला लावता येतो. दिवसा लावला तर बऱ्याच शाळांत तो शिकवण्यापुरता असतो, त्यावर बेराखा, म्हणजे दिवा लावतानाची आशीर्वादाची प्रार्थना, म्हणत नाहीत. तुमच्या शाळेच्या रब्बायना विचारा, मतं वेगळी असतात. मोजणीत गोंधळ होतो तोही आधी समजून घ्या: ज्यू दिवस संध्याकाळी सुरू होतो. म्हणजे सोमवारी सकाळी अजून पहिलाच दिवस चालू आहे आणि त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा दिवा लागतो. फळ्यावर दोन्ही लिहून ठेवा, दुसरीतली मुलं तुमची चूक काढायला टपलेली असतील. हनुक्कियात दिवे उजवीकडून भरत जायचं, पेटवताना मात्र डावीकडच्या, म्हणजे नव्या दिव्यापासून. शम्माश, ज्याने बाकीचे पेटवायचे तो, वेगळ्या उंचीवर.

धूर ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल शाळेच्या केअरटेकरशी आठवडाभर आधी बोला, जोखमीचा फॉर्म भरा, वाळूची बादली टेबलाजवळ ठेवा, लांब केस बांधायला लावा. हनुक्कियाखाली धातूचा ट्रे हवाच, मुलांनी मातीने बनवलेल्या कधीकधी तडकतात.

खाणं शाळेच्या कोशर, म्हणजे ज्यू आहाराच्या, नियमाप्रमाणे. दिवाळीच्या सवयीने घरून शंकरपाळी करून न्यावीशी वाटेल, मलाही वाटतं, पण घरचं खाणं शाळेत चालत नाही. डोनट मान्यताप्राप्त कोशर बेकरीतूनच, आणि चॉकलेटच्या नाण्यांत शेंगदाणा-बदाम नाहीत ना ते पाकिटावर वाचा. सेविवोन, म्हणजे चार अक्षरांचा भोवरा, तो मात्र हवे तेवढे आणा. पावसाळी सुट्टीत मुलं त्यावर तास घालवतात आणि त्या तासात कुणालाही बातम्या आठवत नाहीत.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: आठवण वेगळ्या दिवशी, दिवा वर्गात, सुरुवात लहान, प्रत्येकाच्या हाताला काम, आणि कथा तेलाची.

राहिला तुम्ही शेवटच्या ओळीत घाईने विचारलेला प्रश्न: ‘मी ज्यू नाही, मी तिथे उभी राहणं बरोबर दिसेल का?’ हो, उभ्या राहा. बेराखा म्हणून दिवा लावणं हे ज्यू शिक्षिकेचं किंवा मुलांचं, तेवढं त्यांच्यावर सोडा. बाकी सगळं तुमचंही आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बिलिंग्ज गावात एका ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीवर, जिथे हनुक्कियाचं चित्र होतं, दगड मारला गेला. तिथल्या वर्तमानपत्राने पानभर हनुक्कियाचं चित्र छापलं आणि हजारो घरांनी, ज्यांत ज्यू फारच थोडे, ते आपल्या खिडकीत चिकटवलं. ही गोष्ट दुसरीच्या मुलांनाही सांगता येते, आणि तुमच्या तोंडून ती त्यांना जास्त पटेल. यंदा मुलांना हेही दिसायला हवं की आपल्या बाजूला आपले नसलेलेही आपणहून उभे राहतात.

आणि तुम्हाला हे सगळं परकं वाटत असेल तर एक सांगते. आमचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. तेलाचा हा सण मात्र त्यांना माहीत नव्हता. तो पुष्कळ नंतर, कोचीनहून आलेल्या शिक्षकांकडून कळला असं आमच्याकडे सांगतात. म्हणजे मीही शिकवलेल्यांच्याच घरातली. २००८ साली मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावरच्या हल्ल्याला महिना व्हायच्या आत, २१ डिसेंबरला, हनुक्का आला. माझं माहेर मुंबईत, वर्गात उभं राहायचं तर हात थरथरत होते. त्या दिवशी माझ्या वर्गाचा शम्माश धरायला एक आयरिश मदतनीस शेजारी उभी राहिली. मुलांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही.

शुक्रवारी, १९ तारखेला, शाळा शब्बाथसाठी लवकर सुटेल आणि बऱ्याच ठिकाणी तोच सत्राचा शेवटचा दिवस आहे. म्हणून लांब टेबलाचा कार्यक्रम गुरुवारी, १८ला ठेवा; अंधार पडल्यावर पाचवा दिवा लागेल. गुरुवारी थांबणाऱ्या मुलांची यादी आणि संमतीपत्रं १० तारखेपर्यंत गोळा करा, कारण त्या आईसारख्या पालकांशी निवांत बोलायला तुम्हाला हनुक्का सुरू होण्याआधीचे शाळेचे दोन दिवस लागतील.